बँकेत पडून राहिलेला पैसा : तो कोठे जातो आणि परत कसा मिळवावा

(मंडळाच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला आज बोलण्यासाठी जो विषय दिला आहे, तो वक्तृत्वाचा नाही, व्यवहाराचा आहे. आमची हयात बँकेच्या नोकरीत गेली. त्यामुळे या विषयावर जे सांगायचे ते कागदोपत्री आणि कामाचे सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे. ज्यांनी वही-पेन आणले असेल त्यांनी काही गोष्टी टिपून घ्याव्यात.

विषय असा की, बँकेत खाते उघडले, त्यात काही पैसे ठेवले आणि पुढे वर्षानुवर्षे त्या खात्याकडे कोणी फिरकलेच नाही, तर त्या पैशाचे काय होते? आपल्या समाजात याबद्दल दोन समजुती पसरलेल्या आहेत. काही लोक म्हणतात, ‘तो पैसा सरकारजमा होतो, आता काही मिळायचे नाही.’ दुसरे म्हणतात, ‘बँकेत आहे ना, मग जाणार कोठे? व्याज वाढतेच आहे, राहू द्या.’ या दोन्ही समजुती अर्धवट आहेत आणि दोन्हींमुळे नुकसान आपलेच होते. पहिल्या समजुतीमुळे माणूस हक्क सोडून देतो आणि दुसरीमुळे तो हक्क बजावायला उशीर करतो.

प्रथम, खाती अशी पडून का राहतात ते पाहू. यात आळस किंवा बेफिकिरी हे कारण फार थोड्या वेळा असते. बहुतेक वेळा माणसाचे आयुष्यच जागा बदलते आणि खाते मात्र तेथेच राहते. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्यानंतर कितीतरी कामगारांची कुटुंबे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडच्या आपापल्या गावी परतली. त्यांच्यापैकी ज्यांनी परळ-लालबागच्या एखाद्या शाखेत बचत खाते उघडले असेल, ते पुन्हा त्या शाखेत जाण्याची शक्यता किती? सरकारी नोकराची बदली होते. नव्या गावी नवे खाते उघडले जाते आणि जुन्या खात्यात पाच-सातशे रुपये तसेच राहतात. मुलीचे लग्नापूर्वीचे खाते माहेरच्या गावी राहते. विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीसाठी महाविद्यालयाजवळच्या शाखेत उघडलेले खाते शिक्षण संपताच विसरले जाते. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे खातेदार वारतो आणि त्याचे खाते कोठे होते हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

एकेका घरी ही रक्कम लहान वाटते. पण देशाची बेरीज ऐकली तर थक्क व्हायला होते. फेब्रुवारी २०२३ अखेर केवळ सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी दहा वर्षांहून अधिक काळ हक्क न सांगितलेल्या सुमारे ३५,०१२ कोटी रुपयांच्या ठेवी रिझर्व्ह बँकेकडे वर्ग केल्या होत्या, आणि त्या १० कोटी २४ लाख खात्यांतील होत्या. मार्च २०२४ अखेर अशा ठेवींचा आकडा ७८,२१३ कोटींपर्यंत गेल्याचे रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात नमूद आहे. पस्तीस हजार कोटींना दहा कोटी खात्यांनी भागून पाहा. सरासरी साडेतीन हजारांच्या आसपास येते. म्हणजे हा पैसा केवळ धनिकांचा नाही. त्यात लाखो सामान्य माणसांच्या पोटाला चिमटा घेऊन केलेल्या बचतीचा वाटा आहे.

आता नियम समजून घेऊ. यात दोन टप्पे आहेत, दोन वर्षांचा आणि दहा वर्षांचा.

बचत अथवा चालू खात्यात सलग दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः होऊन कोणताही व्यवहार केला नाही, तर बँक ते खाते ‘निष्क्रिय’ ठरविते. येथे ‘स्वतः होऊन’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बँकेने जमा केलेले व्याज किंवा बँकेने कापून घेतलेले शुल्क हा खातेदाराचा व्यवहार धरला जात नाही. म्हणून पासबुकात दर तिमाहीला व्याजाची नोंद दिसते, सबब खाते चालू आहे, असे समजू नये. आपण पैसे भरले, काढले, धनादेश दिला, आपल्या सूचनेने हप्ता कापला गेला, ओळखीची कागदपत्रे नव्याने दिली, तर तो आपला व्यवहार. बँकेच्या मोबाईल सेवेत आपण रीतसर प्रवेश करून चौकशी केली तरी तोही व्यवहार धरला जातो.

खाते निष्क्रिय झाले म्हणजे पैसे गेले असे नव्हे. दीर्घकाळ न हाताळलेल्या खात्यांतून भलत्याच माणसाने पैसे काढण्याचा धोका असतो, म्हणून बँक त्या खात्याला एक प्रकारचे कुलूप लावते. एटीएममधून पैसे निघत नाहीत. धनादेश परत येतो. परंतु बचत खात्यावरील व्याज जमा होतच राहिले पाहिजे, असा नियम आहे. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ रोजी काढलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांत आणखीही गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून बँकेने दंड आकारू नये. खाते पुन्हा चालू करून देण्यासाठी पैसे घेऊ नयेत. पूर्ण कागदपत्रांसह अर्ज आल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत त्यावर कार्यवाही करावी. खिडकीपलीकडून कोणी ‘यासाठी चार्ज लागेल’ म्हणाले, तर नम्रपणे पण ठामपणे हा नियम सांगावा. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी एक सोय करण्यास सांगितले. निष्क्रिय खात्यासाठी ओळखीची कागदपत्रे त्या बँकेच्या कोणत्याही शाखेत देता यावीत, खाते ज्या शाखेत आहे तेथेच जाण्याची सक्ती नसावी. गावी परतलेल्या गिरणी कामगाराच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

दुसरा टप्पा दहा वर्षांचा. खात्यात दहा वर्षे व्यवहार झाला नाही, किंवा मुदत ठेव मुदत संपल्यापासून दहा वर्षे कोणी मागितली नाही, तर ती रक्कम ‘ठेवीदार शिक्षण व जागृती निधी’ नावाच्या रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. पूर्वी असे नव्हते. बँकांनी अशा खात्यांचे वार्षिक विवरण रिझर्व्ह बँकेला पाठवायचे, एवढेच बंधन बँकिंग विनियमन कायदा, १९४९ मधील कलम २६ ने घातले होते. पैसा मात्र बँकेकडेच राही आणि बँक तो वापरी. २०१२ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात कलम २६-अ आले आणि मे २०१४ मध्ये निधीची योजना अधिसूचित झाली. तेव्हापासून हा पैसा बँकेच्या ताब्यातून निघून निधीत जातो.

येथेच ‘सरकारजमा झाले’ हा गैरसमज उत्पन्न होतो. निधीत पैसे गेले तरी ठेवीदाराचा अथवा त्याच्या वारसाचा हक्क संपत नाही. अकरा वर्षांनी या, वीस वर्षांनी या, मागणी करता येते. त्यासाठी मुंबईला रिझर्व्ह बँकेत खेटे घालावे लागत नाहीत. आपण आपल्या बँकेतच अर्ज करायचा. बँक आपल्याला पैसे देते आणि मग तेवढी रक्कम निधीतून मागून घेते. तो बँक आणि रिझर्व्ह बँक यांच्यातील मामला आहे.

मग दुसऱ्या समजुतीचे, ‘व्याज वाढतेच आहे, राहू द्या’ याचे काय? निधीत गेलेल्या व्याजी ठेवींवरील व्याजाचा दर रिझर्व्ह बँक ठरविते. आरंभी तो ४ टक्के होता, १ जुलै २०१८ पासून साडेतीन टक्के झाला आणि ११ मे २०२१ पासून ३ टक्के, तोही सरळ व्याजाने. म्हणजे निधीतील दहा हजारांवर वर्षाला तीनशे रुपये. चालू खात्याच्या रकमेवर तर काहीच नाही. मुदत संपूनही न काढलेल्या ठेवीलाही ठरलेला जुना दर मिळत राहत नाही. जुलै २०२१ च्या नियमानुसार ठरलेला दर आणि बचत खात्याचा दर यांपैकी जो कमी असेल तो मिळतो. इकडे डाळ-तांदूळ, औषधे आणि शिक्षणाचा खर्च किती वेगाने वाढतो हे भगिनींना सांगायला नको. तेव्हा पैसा बुडत नाही हे खरे, परंतु तो झिजतो हेही तितकेच खरे.

आता शोधायचे कसे? रिझर्व्ह बँकेने १७ ऑगस्ट २०२३ रोजी ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. आरंभी त्यात सात बँका होत्या. मार्च २०२४ पर्यंत तीस बँका आल्या आणि निधीत गेलेल्या रकमेपैकी सुमारे ९० टक्के रक्कम या तीस बँकांचीच होती. तेथे आपल्या मोबाईल क्रमांकाने नोंदणी करून खातेदाराचे नाव आणि बँक निवडायची, आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र किंवा जन्मतारीख यांपैकी काही द्यायचे. हे काहीच नसेल तर पत्ता देऊनही शोध घेता येतो. व्यक्तीप्रमाणेच संस्थेच्या नावानेही शोधता येते. परंतु दोन गोष्टी लक्षात ठेवा. तेथे फक्त दहा वर्षे उलटून निधीत गेलेल्या रकमा दिसतात. तीन किंवा सात वर्षे बंद असलेले खाते तेथे दिसणार नाही, त्यासाठी बँकेतच जावे लागेल. आणि त्या संकेतस्थळावर केवळ शोध लागतो, पैसे मिळत नाहीत. मागणी बँकेतच करायची. ज्यांना संगणकाची सवय नाही त्यांनी लाजू नये. येथे बसलेली मुले हे काम दहा मिनिटांत करून देतील.

शोधताना एक अडचण येते ती म्हणजे जुनी बँकच आता नसते. पासबुकावर एक नाव असते आणि रस्त्यावर त्या नावाची पाटी कोठेच दिसत नाही. म्हणून घाबरून जाऊ नये. बँक दुसऱ्या बँकेत विलीन होते तेव्हा ठेवींची जबाबदारीही तिच्याकडे जाते. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत गेली. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली. मराठवाड्यात ठिकठिकाणी शाखा असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. देना बँक व विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात गेल्या. सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, कॉर्पोरेशन बँक व आंध्र बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, ही विलीनीकरणे १ एप्रिल २०२० ची. विदर्भ कोंकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून एक झाल्या आहेत. तेव्हा जुने पासबुक रद्दीत टाकू नका. त्यावरील खाते क्रमांक आज चालत नसला तरी शोध घेण्यास तोच दुवा ठरतो.

पतसंस्थेची गोष्ट मात्र निराळी आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्या ठेवी या निधीत जात नाहीत आणि त्यांना ठेव विम्याचे संरक्षणही नसते. सहकारी बँकेला ते असते. बँक बुडाल्यास ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंतची रक्कम विम्यात येते. टपाल कार्यालयातील बचतीलाही वेगळे नियम आहेत. तेथील हक्क न सांगितलेली रक्कम २०१५ च्या वित्त कायद्याने निर्माण झालेल्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते, आणि त्यात गेलेल्या रकमेवर पंचवीस वर्षांत हक्क सांगितला नाही तर ती खरोखरच सरकारजमा होते. म्हणून ज्यांच्याकडे वडिलांची जुनी टपाल पासबुके असतील त्यांनी ती आधी तपासावीत.

आता वारसांकडे येऊ, कारण खरी परीक्षा तेथेच होते. खातेदार वारला असेल आणि त्याने नामनिर्देशन, म्हणजे ज्याला आपण ‘वारस लावणे’ म्हणतो ते केले असेल, तर काम सोपे असते. मृत्यू दाखला, नामनिर्देशित व्यक्तीची ओळख आणि मागणीचा अर्ज यांवर पैसे मिळतात. न्यायालयाचा वारसा दाखला मागितला जात नाही. खाते दोघांच्या नावे असून ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो’ अशी सूचना असेल तरीही तसेच. यांपैकी काहीच नसेल, तर रकमेप्रमाणे कागद वाढतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत अशा प्रकरणांसाठी पंधरा लाखांपर्यंत, आणि सहकारी बँकांसाठी पाच लाखांपर्यंत, सोपी पद्धत ठरवून दिली आहे. त्यात सर्वसाधारणपणे वारसांचा अर्ज, वारसांबाबतचे प्रतिज्ञापत्र किंवा दाखला आणि हमीपत्र यांवर काम भागते. सर्व कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मागणी निकालात काढावी, असे बँकांवर बंधन आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीवर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोयही झाली आहे.

नामनिर्देशनाबाबत एक गैरसमज घराघरांत भांडणे लावतो. ज्याचे नाव लावले तो मालक झाला, असे लोक समजतात. तसे नाही. तो बँकेकडून पैसे स्वीकारणारा विश्वस्त आहे. राम चंदर तलवार विरुद्ध देवेंदर कुमार तलवार या २०१० च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलेले आहे. पैशावरील हक्क कायद्याने ठरणाऱ्या वारसांचा, अथवा मृत्युपत्रात ज्याला दिले असेल त्याचा. थोरल्या मुलाचे नाव लावले म्हणून धाकटीचा किंवा आईचा वाटा बुडत नाही.

आमच्या पाहण्यातील एक हकीकत सांगतो. नगरपालिकेच्या सेवेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ वारले. त्यांच्या पत्नीला एवढेच माहीत होते की, ‘वडाच्या झाडासमोरच्या बँकेत’ त्यांचे काही पैसे आहेत. झाड तोडले गेले होते आणि शाखा दुसरीकडे हलली होती. पासबुक सापडले, पण त्यावर त्यांचे घरचे नाव होते. सेवापुस्तकात शाळेतले नाव, आधारकार्डावर तिसरेच. आणि बाईंच्या स्वतःच्या कागदांवर कोठे माहेरचे आडनाव, कोठे सासरचे. माणूस एक, पण कागदावर तीन माणसे. पैसे मिळाले, परंतु प्रतिज्ञापत्रे, विवाहाचा दाखला आणि जुन्या शेजाऱ्यांचे जबाब जमवता जमवता नऊ महिने गेले. त्या नऊ महिन्यांत मुलीच्या वसतिगृहाची फी भरायची होती आणि ती व्याजाने पैसे काढून भरावी लागली. हक्काचे पैसे बँकेत असताना त्या कुटुंबाने सावकाराला व्याज दिले.

नावांचा हा घोळ आपल्या समाजात विशेष आहे. कोणी राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलले आहे, कोणाचे नाव शाळेत दाखल करताना मास्तरांनी आपल्या मनाने लिहिले आहे, कोणाची जन्मतारीख १ जून अशी ठोकून दिलेली आहे. यात त्या माणसाचा दोष नाही. परंतु बँकेला कागद लागतो. राजपत्राची प्रत, विवाह नोंदणीचा दाखला, ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र, हे सर्व माणूस हयात असताना पुष्कळ लवकर होते. तो गेल्यावर त्याला महिने लागतात.

विद्यार्थी मित्रहो, आता थोडे तुमच्याविषयी. शिष्यवृत्ती थेट खात्यात जमा होते. शासकीय योजनांच्या लाभासाठी उघडलेली शून्य शिल्लक खाती, त्यांत शिष्यवृत्तीची खातीही आली, दोन वर्षे व्यवहार नसला तरी निष्क्रिय ठरवू नयेत, असे २०२४ च्या सूचनांत आहे. पण शिष्यवृत्ती तुमच्या दुसऱ्या साध्या बचत खात्यात येत असेल आणि ते निष्क्रिय असेल, तर अडचण येऊ शकते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी खाते चालू आहे ना आणि आधारशी जोडलेले आहे ना, हे बघून घ्या. लहानपणी पालकांच्या देखरेखीखाली उघडलेले खाते असेल, तर अठरा वर्षे पूर्ण होताच नवीन सही व कागदपत्रे द्या. चार खाती उघडून तीन विसरण्यापेक्षा एक खाते नीट चालवा. नको असलेले खाते अर्ज देऊन बंद करा.

जनधन योजनेची खातीही पाहा. ही योजना २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली. डिसेंबर २०२३ मध्ये अशा ५१ कोटींहून अधिक खात्यांपैकी १० कोटींहून अधिक खाती निष्क्रिय होती आणि त्यांतील जवळजवळ निम्मी महिलांची होती. भगिनींनो, खाते तुमच्या नावावर आहे, पण पासबुक कोणाकडे आहे आणि त्यात किती आहे, हे तुम्हाला माहीत असले पाहिजे.

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनाही एक विनंती आहे. विहारासाठी, वाचनालयासाठी, जयंती उत्सवासाठी समाजाने वर्गणी गोळा करून खाते उघडलेले असते. अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार यांच्या सह्या असतात. कार्यकारिणी बदलते, सह्या बदलायच्या राहून जातात. पुढे एक जण बदलीने जातो, एक वारतो, आणि समाजाचा पैसा अडकतो. नोंदणीकृत विश्वस्त संस्थेत विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ मध्ये तशी तरतूद आहे. हे वेळेवर केले तर बँकेत नव्या सह्यांसाठी लागणारा आधार हाताशी राहतो. सभेचा ठराव झाला की तो वहीत न ठेवता त्याच आठवड्यात बँकेत पोहोचवावा. वर्गणी देणाऱ्यात मोलकरीण असते, हमाल असतो. त्यांच्या दहा-वीस रुपयांचा हिशेब नीट राहिला पाहिजे.

एक सावधगिरीची सूचना. ‘तुमच्या आजोबांचे इतके लाख निघाले आहेत, अमुक टक्के द्या, आम्ही मिळवून देतो’ असे सांगणारे दलाल हल्ली फिरत असतात. मोबाईलवर तसे संदेशही येतात. या कामासाठी कोणालाही टक्केवारी देण्याची गरज नाही. बँक किंवा रिझर्व्ह बँक कधीही फोनवरून ओटीपी, पिन किंवा कार्डाचा क्रमांक विचारीत नाही. बँकेत अर्ज दिल्यावर त्याची पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि तीही विनामूल्य.

सरकारी पातळीवर याबाबत काहीच झाले नाही असे नाही. २०२३ मध्ये १ जूनपासून शंभर दिवस बँकांनी प्रत्येक जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या शंभर बेवारस ठेवींच्या मालकांना शोधण्याची मोहीम घेतली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तीन महिने केंद्र शासनाने ‘आपकी पूंजी, आपका अधिकार’ ही मोहीम चालविली. या मोहिमा चांगल्याच आहेत. परंतु ‘सर्वांत मोठ्या शंभर’ म्हटले की आपले पासबुक त्यात येत नाही. तीन हजारांच्या खात्याच्या मालकाला शोधत कोणी चाळीत येणार नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल.

म्हणून शेवटी तीन गोष्टी सुचवितो. पहिली, आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एका कागदावर आपली सर्व खाती लिहून काढावीत : बँक, शाखा, खाते क्रमांक, कोणाचे नाव लावले आहे, मुदत ठेव कधी संपते. पिन किंवा गुप्त शब्द लिहू नये. तो कागद कोठे ठेवला हे घरातील निदान दोन माणसांना सांगावे, आणि त्यांपैकी एक स्त्री असावी. दुसरी, प्रत्येक खात्यात वर्षातून एकदा तरी, अगदी शंभर रुपयांचा का होईना, व्यवहार करावा. तिसरी, मंडळाने महिन्यातील एका रविवारी दोन तास येथे टेबल मांडावे. तीन-चार विद्यार्थ्यांनी वृद्धांची जुनी पासबुके पाहावीत, कोणती बँक कोणत्या बँकेत गेली ते सांगावे, अर्ज भरून द्यावा, आणि गरज पडल्यास सोबत बँकेत जावे. या कामाला निधी लागत नाही, इमारत लागत नाही. मंडळाची तयारी असेल तर पहिल्या रविवारी आम्ही स्वतः येऊन बसू.

आपल्या आधीच्या पिढीने रोजंदारीतून, पाळ्या करून, एक वेळचा चहा वाचवून ही बचत केली. ती कोठे ठेवली हे सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत, उद्या नसतील. त्यांना आजच विचारा.